न मोजता लिहिलेले आकडे

वनमाला सिस्टर लोहारा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स म्हणून आल्या, तेव्हा त्यांची मुलगी कडेवर होती. आता ती लातूरला शिकते आणि सिस्टर अजून तिथंच आहेत. चार गावं, साडेपाच हजार माणसं आणि त्या एकट्या. तुळजापूरच्या एका मास्तरांची ही लेक. अक्षर वळणदार, रजिस्टरात कधी खाडाखोड नाही. तालुक्याच्या बैठकीत त्यांचं रजिस्टर बाकीच्यांना दाखवलं जायचं.

खोटं लिहायला सुरुवात झाली ती आळसानं नाही. एका वर्षी बीपीचं यंत्र बिघडलं. तीनदा मागणी करूनही नवं आलं ते अकरा महिन्यांनी. त्याच वर्षी कागदाच्या जागी मोबाईल आला होता. त्यात बीपीचा रकाना रिकामा ठेवला, की फॉर्म पुढं सरकत नव्हता. आणि फॉर्म सरकला नाही, की तपासणी झालीच नाही असं वर दिसायचं. मग फोन यायचा. पहिल्यांदा एका बाईच्या नावापुढं ११० वर ७० असं लिहिताना सिस्टरांचा हात अडखळला होता. महिनाभरानं अडखळेनासा झाला. यंत्र आलं तरी सवय गेली नाही. समोर आलेल्या बाईला त्या नीट तपासायच्या. पण जी माहेरी गेली, कामाला गेली, भेटलीच नाही, तिचा रकाना त्या घरी बसून भरायच्या.

पुढं सरकारनं वेगवेगळ्या ॲपांमधली सगळी माहिती एका जागी आणायचं ठरवलं. जिल्ह्याचे माहिती समन्वयक रणधीर यांनी बैठकीत समजावलं, "आता एआय सगळ्या नोंदी वाचणार आणि कुठली गरोदर माता धोक्यात आहे ते दर सोमवारी सांगणार. नाव लाल आलं, की गाडी, सोनोग्राफी, तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ, सगळं तिथूनच ठरेल. हिरवं आलं, की काळजी नको."

मग त्यांनी हसून वनमाला सिस्टरांकडं बघितलं. "मशीनला शिकवायला पूर्ण भरलेली माहिती लागते. तालुक्यातून यांचीच घेतली."

टाळ्या वाजल्या. सिस्टरांच्या हातातला चहा तसाच निवला.

पहिल्या सोमवारी यादी आली. त्यांच्या चारही गावांतल्या बारा गरोदर बायकांची नावं हिरवी होती. एकही लाल नाही.

त्यातली एक शिवांजली. बसप्पा गवंड्याची सून. चौथ्या महिन्यात ती बेंबळीला माहेरी गेली होती, ती सातवा संपताना परतली. सासू रुद्रम्मा तिला घेऊन उपकेंद्रात आली. "सिस्टर, हिचं डोकं लई दुखतंय. पाय बघा कसे सुजलेत."

सिस्टरांनी बीपी मोजलं. १५० वर १००. पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. तेवढंच. मोबाईलमध्ये भरलं तर अक्षरं आली : नोंद आधीच्या इतिहासाशी जुळत नाही, पुन्हा तपासा. तिसऱ्यांदा भरल्यावर नोंद स्वीकारली गेली, पण पडताळणीसाठी सात दिवस बाजूला ठेवली गेली. शिवांजली हिरवीच राहिली. आधीचा इतिहास म्हणजे सिस्टरांनीच बसल्या जागी लिहिलेले तीन आकडे होते. चौथा, पाचवा, सहावा महिना. ११० वर ७०, ११० वर ७०, ११२ वर ७०.

त्यांनी दुरुस्तीचं पान उघडलं. 'टायपिंगची चूक' असं कारण दिलं तर एकच नोंद बदलता येत होती. 'यंत्रात बिघाड' दिलं तर त्या यंत्राच्या सगळ्या नोंदी रद्द होणार होत्या आणि यंत्र तपासायला माणूस येणार होता. यंत्र तर उत्तम होतं. तिसरं कारण होतं, 'मोजमाप न करता नोंद'. त्याला वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही लागत होती. सिस्टरांनी पहिलं कारण निवडून एक आकडा बदलला. नाव हिरवंच राहिलं.

रणधीरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, मशीन एका आकड्यावर जात नाही, सगळा कल बघतं. तुमची माहिती तर एवढी चांगली आहे. विश्वास ठेवा."

सिस्टरांनी रुद्रम्माला आणि शिवांजलीला रिक्षात घातलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठलं. तिथले वैद्यकीय अधिकारी डॉक्टर अनिरुद्ध यांनी शिवांजलीला बघितलं, लगेच गोळी दिली आणि सिस्टरांना आत बोलावलं. कुणाकुणाचे आकडे न मोजता भरले, ते सगळं सिस्टरांनी वहीचा कागद फाडून त्यावर लिहून काढलं होतं. डॉक्टरांनी तो वाचला.

"सिस्टर, हा कागद मी घेतला तर वर पाठवावा लागेल."

"माहितीय सर."

"माझं ऐका. मी माझ्या जबाबदारीवर हिला आत्ताच धाराशिवला पाठवतो. यादी काही म्हणू दे. हा कागद फाडून टाका. नोकरीत तुमची वीस वर्षं झालीत."

सिस्टरांनी कागद हातात घेतला. घडी घातली. खिडकीबाहेर रुग्णवाहिका उभी होती, तिच्याकडं त्या बराच वेळ बघत राहिल्या. लातूरला फोन करून मुलीला काय सांगायचं, हेच मनात येत होतं. मग त्यांनी घडी उलगडून कागद टेबलावर ठेवला.

"ही जाईल सर. बाकीच्या अकरा जणी हिरव्याच राहतील. आणि माझे आकडे शिकून ते मशीन आणखी कुठल्या गावाला हिरवं म्हणत असंल, ते मला कसं कळणार?"

डॉक्टरांनी सही केली.

शिवांजलीचं दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत राहिली आणि जगली. बाकीच्या अकरा जणींना सिस्टरांनी घरोघर जाऊन तपासलं. दोघींचं बीपी वाढलेलं निघालं, एकीच्या अंगात रक्त फार कमी होतं.

सिस्टरांना नोटीस आली. निलंबित केलं नाही, कारण जागेवर यायला दुसरं कुणी नव्हतं. तालुक्यातल्या सगळ्याच नर्सांच्या नोंदी फेरतपासणीत गेल्या. त्यामुळं ज्या मैत्रिणी बैठकीत शेजारी बसायच्या, त्या आता दुसऱ्या रांगेत बसू लागल्या. एकीनं तोंडावर सांगितलं, "आम्ही काय वेगळं करत होतो? पण तुम्ही बोललात."

दीड महिन्यानं रुद्रम्मा नातीला लस द्यायला घेऊन आली. गावात सगळं कळलेलं होतं. बाकावर बसून तिनं विचारलं, "सून तर बेंबळीला व्हती. मग तुमी हितं मोजलं कसं?"

"मोजलं नव्हतं अक्का. लिहिलं होतं."

"दुसरी नर्स आसती तर म्या तिच्याकडं गेले आसते," रुद्रम्मा म्हणाली आणि नातीला सिस्टरांच्या मांडीवर दिलं. दुसरी नर्स नव्हती.

सिस्टरांनी त्याच आठवड्यात बदलीचा अर्ज केला. उत्तर आलं, चौकशी पूर्ण होईपर्यंत बदली करता येत नाही. चौकशी कधी पूर्ण होणार, ते कुणालाच सांगता येईना. माहिती एकत्र करणाऱ्या कार्यालयातून आधी अहवाल यायचा होता, आणि तो अहवाल सिस्टरांच्या नव्या नोंदी तपासल्यावर तयार होणार होता. जुन्या आकड्यांशी जुळत नाही म्हणून त्यांची प्रत्येक नवी नोंद सात दिवस अडकून पडत होती.

त्या रोज नऊ वाजता उपकेंद्र उघडतात. प्रत्येक बाईचं बीपी दोनदा मोजतात. जी भेटत नाही तिच्या नावापुढं 'भेटली नाही' असं भरतात. मग तालुक्यातून फोन येतो, भेटी कमी का झाल्या म्हणून.