आमच्या गाडीचं हेड

बसा, चहाला उकळी येईपर्यंत माझी एक फजिती ऐकून घ्या. तोंड आवरलं नाही की माणसाचं काय होतं, याचा मी चालताबोलता नमुना आहे.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा, आणि माझ्या बुडाखाली अमेरिकन गाडी. तीही कुठं, तर कोल्हारात! रस्त्यावर बैलगाड्या, सायकली, उसाचे ट्रक, आणि त्यातून माझी दोन दारांची, आठ सिलिंडरची, लांबलचक लाल गाडी चाललीय. साखर कारखान्याची मशिनरी बसवायला आलेला एक परदेशी इंजिनियर मायदेशी जाताना ती आमच्या आप्पांना विकून गेला होता. आप्पा म्हणजे माझे चुलते, गावच्या हायस्कुलाच्या समितीचे चेअरमन. हे चेअरमनपद ध्यानात ठेवा, कारण घोळ तिथूनच झाला.

गाडी दिसायला राजबिंडी, पण तापायची. प्रवरेचा पूल ओलांडेस्तोवर बॉनेटमधून वाफा निघायच्या. शेवटी रहीम मेस्त्रींनी इंजिन उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"दत्तू, हेडला तडा गेलाय. पानी आत उतरतंय. दोन्ही हेड बदलावी लागत्याल."

हेड म्हणजे इंजिनाचं डोकं हो. सिलिंडरच्या वर बसतं ते जाडजूड झाकण. साध्या गाडीला एक असतं, आमच्या गाडीला डावं-उजवं मिळून दोन.

आता कुठलं हेड घ्यायचं, यावर पंधरा दिवस नुसता खल चालला. मुंबईच्या जुन्या बाजारात पहिल्यासारखंच लोखंडी मिळत होतं. पुण्यात एका शर्यतवाल्याकडं ॲल्युमिनियमची होती, वजनाला हलकी आणि लवकर गार होणारी. त्यात पुन्हा दोन तऱ्हा, एक मोठ्या तोंडाची आणि एक लहान तोंडाची. तोंड म्हणजे आत हवा जायची वाट. मला अर्थातच मोठ्या तोंडाची पाहिजे होती.

"तुला शर्यत लावायचीय का बैलगाडीमागनं जायचंय?" मेस्त्री म्हणाले. "मोठ्या तोंडाचं हेड लई जोरात पळाल्याशिवाय ओढत न्हाई. आपल्या रस्त्याला लहान तोंडाचंच बरं."

मला घाई होती, कारण त्याच दिवसांत माझं लग्न जमत आलं होतं. मुलगी शालन, हायस्कुलाचे हेडमास्तर वाबळे सर यांची. गॅदरिंगला तिचं भाषण ऐकलं आणि मी विरघळलो होतो. मुलगी कसली, वीज होती. रविवारी त्यांच्या घरी बघण्याचा कार्यक्रम ठरला. हिच्याशी लग्न झालं नाही तर आपण जन्मभर बिनलग्नाचं राहायचं, असं मी मनात पक्कं केलं होतं.

शुक्रवारी सखारामच्या हॉटेलात मी आणि मेस्त्री चहा पीत बसलो होतो. मी जरा तावातच बोलत होतो.

"हे बघा मेस्त्री, जुनं हेड आता काढूनच टाकायचं. किती दिवस सांभाळणार? नुसतं तापतं आणि आवाज करतं. आप्पांना सांगितलंय, ते हो म्हणालेत. आठवड्यात पुण्याहून नवं आणतो."

पाठीमागच्या बाकड्यावर शाळेचा शिपाई शंकर बशीत चहा ओतून पीत होता. बशी अर्धी टाकून तो उठला. मला वाटलं, घंटेची वेळ झाली असेल.

रविवारी मी इस्त्रीचे कपडे घालून सरांकडं गेलो. आप्पा नगरला अडकले होते, म्हणून सोबतीला मेस्त्री, तेही बाहेरच थांबले. सर गंभीर बसले होते. मुलीचा बाप गंभीरच असतो, मला काही वावगं वाटलं नाही. शिक्षण, शेती असलं काही न विचारता सर एकदम म्हणाले,

"हेड बदलायचं नक्की झालंय म्हणे."

मी खूश. म्हटलं वा, सासऱ्यांना मोटारीची आवड दिसतेय.

"नक्की, सर. आप्पांचा होकार आहे."

"दोष काय निघाला?"

"एक असला तर सांगू. मुळात वय झालंय. जरा चढ आला की तापतं. आणि आतून तडकलंय, वरून कळत नाही."

सरांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "सुधारण्यासारखं नाही का?"

"गेल्या साली घासून पाहिलं. पण घासून घासून किती घासणार? पार झिजलंय."

"झिजणारच," सर खोल आवाजात म्हणाले. "इतकी वर्षं झाली."

"तेच म्हणतो मी!"

बघा, माणूस कसा भरकटत जातो. एवढ्यात शालन चहा घेऊन आली. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, असं पाहिलं, की मला वाटलं लाजतेय. आता कळतं, ती नजर लाजेची नव्हती.

"मग नवं कसलं पाहिलंत?" सरांनी विचारलं.

"लहान तोंडाचं. मोठं तोंड गावात उपयोगाचं नाही, सर. गाजतं फार, पण ओढत काही नाही."

आत स्वयंपाकघरात भांडं आदळलं.

"आणि जुन्याचं काय करणार?"

"भंगारच ते. पण श्रीगोंद्याला एक जण घ्यायला तयार आहे. तिकडं ठोकून-ठाकून चालवतील."

"श्रीगोंद्याला," सर स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांनी मला हात जोडले. मी वाकून पाया पडलो. बाहेर येऊन मेस्त्रींना सांगितलं, "जमलं!"

आठ दिवस निरोप नाही. तेवढ्यात नवी हेडं आली, बसवली, गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली. मी हात पुसतोय तोच आप्पा तरातरा आले.

"दत्त्या, वाबळे सरांना तू काढतोयस व्हय रं? मला न इचारता? आन् वर माझं नाव सांगतोस, आप्पा हो म्हनलेत म्हनून?"

"मी? सरांना?"

"साऱ्या गावात बोभाटा हाय! शंकऱ्यानं सोताच्या कानानं ऐकलंय. अपमान नको म्हनून सरांनी आपनहून संस्थेकडं बदली मागितली. श्रीगोंद्याची. ऑर्डरबी आली."

 मग काय केलं असेल मी? तडा गेलेलं ते लोखंडी हेड खांद्यावर घेतलं आणि भर गावातून शाळेत पळत सुटलो. वर्ग चालू होते, पोरं खिडक्यांना लोंबकळली. मी ते धूड सरांच्या टेबलावर धाडकन ठेवलं. दौत कलंडली.

"सर, हे ते हेड," मी धापा टाकत म्हणालो. "हे तापायचं. तुम्ही नाही."

सरांनी चष्मा लावला, तड्यावरून बोट फिरवलं. मग त्यांना हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"अरे दत्तात्रेय, बदलीचं मला इतकं नव्हतं लागलं. पण मी तीस वर्षं व्याकरण शिकवतो, आणि तू मला अर्धा तास नपुंसकलिंगात बोलत होतास!"

मी हात जोडून उभा. "मग सर, बदली रद्द करा ना."

"ती आता होत नाही. आनंदानं श्रीगोंद्याला जाणारा माणूस संस्थेला पहिल्यांदाच मिळालाय, ते मला कसले सोडतात?"

"आणि शालनचं?"

सरांनी चष्मा काढला. "राग नाही रे तुझ्यावर. पण समोरचं माणूस काय बोलतंय, हे ज्याला अर्धा तास कळत नाही, त्याला मुलगी द्यायला मन धजत नाही."

 भरपाई म्हणून मी त्यांना श्रीगोंद्याला पोचवायला गाडी काढली. सामान ट्रकमध्ये पुढं गेलं. सर माझ्या शेजारी, मागं शालन आणि तिची आई, म्हणजे काकू. मनात म्हटलं, वाटेत गाडी तापेल, सर पाणी आणायला जातील, काकू सावलीला बसतील, तेवढ्यात शालनशी दोन शब्द बोलून बघू. कुणी सांगावं, तिनं हट्ट धरला तर सर पाघळतीलही. पण गाडी कसली तापतेय! राहुरी गेली, नगर गेलं, तापमानाचा काटा आपला गारच. जन्मात केली नाही इतकी चोख निवड मी त्या हेडांची केली होती.

श्रीगोंद्यात सगळे उतरले. सर आणि काकू आत गेले. शालन मागं थांबली, गाडीचं दार हळू लावलं आणि खाली बघत म्हणाली,

"मधे कुठं थांबलीच नाही गाडी."

"थांबेल कशी?" मी छाती पुढं काढली. "लहान तोंडाचं हेड आहे!"

तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि आत निघून गेली.

मी शीळ घालत परत निघालो. केडगाव आलं तेव्हा, म्हणजे तीसेक मैलांनी, ती काय म्हणाली होती ते मला कळलं. सरांनी अर्धा तास धरला होता, मला तर दीड लागला.