साडूभाऊ आणि गुळ्याच्या पिसवा

पिसू या प्राण्याविषयी हिंगोली जिल्ह्यात माझ्या थोरल्या साडूंइतकं कोणालाच कळत नाही, असं मी कुठल्याही पारावर उभं राहून सांगायला तयार आहे. पिसवेच्या सात पिढ्यांची कुंडली त्यांना तोंडपाठ आहे. इतर लोक भेटल्यावर पाऊसपाणी विचारतात, हे तुमच्या कुत्र्याचं विचारतात. तुमच्याकडे कुत्रं नसेल तर शेजाऱ्याच्या कुत्र्याचं विचारतात. जवळा बाजारला एका लग्नात तर अक्षता पडायच्या आत हे गृहस्थ मांडवामागे गेले, नवरीकडच्या कुत्र्याच्या पाठीवरून विंचरणी फिरवली आणि निघालेले काळे कण आपल्या पांढऱ्या ओल्या रुमालावर झटकले. कणांभोवती लालसर डाग पसरला. मग तो रुमाल घेऊन ते थेट नवरीच्या बापासमोर उभे राहिले. "पाहुणे, ही माती न्हाई. पिसवाची घाण हाय. पेलेलं रगत हाय हे, पाणी लागलं की लाल होतंय." नवरीच्या बापाला त्या वेळी दुसरे उद्योग होते. माझी बायको मात्र पुढे महिनाभर माहेरच्या माणसांना तोंड दाखवायला लाजत होती, कारण साडूभाऊ हे तिच्या सख्ख्या बहिणीचे यजमान.

खरं तर हा माणूस हळद आणि सोयाबीनचा. आखाडा बाळापूरजवळ शेती, दारात एक बैलजोडी आणि गुळाच्या रंगाचं एक गावठी कुत्रं, गुळ्या. गुळ्या ताईंचा, म्हणजे साडूभाऊंच्या मंडळींचा. त्यांनीच त्याला भाकर-दुधावर वाढवला. ताई गेल्या तेव्हा तो तीन दिवस ओट्यावरून हलला नाही. वर्षश्राद्धाला पुण्याहून साडूभाऊंची एकुलती एक लेक अर्चना आली, सोबत पाच वर्षांची ओवी. दुसऱ्या दिवशी सकाळी ओवीच्या पायांच्या पिंढऱ्यांवर लाल फोडांची रांग उठली. अर्चनाने पोरीला कडेवर घेतलं, पिशवी भरली आणि जाताना म्हणाली, "अण्णा, या पिसवा हायेत तोवर मी लेकराला घेऊन येणार न्हाई." कोणी म्हणालं कुत्रं सोडून द्या, तर साडूभाऊ त्या माणसाशी बोलायचेच बंद झाले. गुळ्याला सोडणं म्हणजे ताईंना दुसऱ्यांदा घालवणं होतं. आणि नातीला न बघता दिवाळी काढणंही त्यांच्याने होणार नव्हतं. तेव्हा दिवाळीच्या आत पिसवा गेल्या पाहिजेत, एवढं एकच काम त्यांच्या डोक्यात राहिलं.

त्यांनी ते आपल्या पद्धतीने केलं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की औषध वजनावर ठरतं, तर साडूभाऊंनी गुळ्याला पोत्यात बसवून आडतीवर नेलं आणि हळदीच्या काट्यावर ठेवला. हमालाने सवयीने पोत्याचं बारदान वजा करून "अठरा किलो" असं खणखणीत ओरडून सांगितलं. मग मानेवर टाकायचे थेंब आले. दोन खांद्यांच्या मधे, केस बाजूला सारून, थेट कातडीवर. नेमकी त्या दिवशी बैलांची खांदेमळणी होती. हळद-लोण्याने बैलांचे खांदे मळून झाले आणि साडूभाऊंनी त्याच हाताने गुळ्याच्या खांद्यांमधे औषध सोडलं. "त्याचीबी खांदेमळणी झाली," असं त्यांनी मला मोठ्या समाधानाने फोनवर कळवलं. दुसऱ्या दिवशी पोळा. ताईंच्या हयातीत पोळ्याला बैलांबरोबर गुळ्याचीही आंघोळ व्हायची आणि त्याला पुरणाचा घास मिळायचा. ताईंचा रिवाज मोडायचा कसा? साडूभाऊंनी गुळ्याला नदीवर नेऊन साबणाने इतका घासला की गुळ्या गुळाचा खडीसाखरेचा झाला. आठवड्याभरात पिसवा होत्या तेवढ्याच.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "काका, ते औषध कातडीच्या तेलात मिसळून अंगभर पसरत असतं. दोन दिवस आधी न् दोन दिवस नंतर आंघोळ घालायचीच नाही. तुम्ही तेलासकट औषध धुऊन टाकलं."

"पर सायेब, पोळ्याला बिगर आंघोळीचं जनावर दारात उभं करू काय?"

डॉक्टरांनी औषधांचं कपाट उघडलं. त्यांनी आता गोळी दिली. ती रक्तातून काम करते, पिसू चावली की मरते, आणि गोळीला आंघोळीची भीती नाही. एवढ्यावर भागलं असतं, पण डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे थोड्याच, बाकी सगळा कारभार घरात असतो. अंडी गळून पडतात, फटींत अळ्या होतात, अळ्यांचे कोष होतात. साडूभाऊंचे डोळे चमकले. अंडी, अळी, कोष! ही तर सोयाबीनवरची भानगड. आयुष्यभर जिच्याशी झुंजले ती कीड नाव बदलून घरात शिरली होती. त्या दिवसापासून गोधड्या उकळत्या पाण्यात पडू लागल्या, गुळ्याचं पोतं रोज उन्हात, आणि फरशीच्या फटी सकाळ-संध्याकाळ झाडल्या जाऊ लागल्या.

कोष मात्र त्यांच्या जिवाला लागला. त्याला कुठलंच औषध धड लागू पडत नाही. आतली पिसू महिनोन्महिने गप पडून राहते आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वास जाणवला की बाहेर येते. बंद घर उघडल्यावर पिसवा एकदम उठतात त्या यामुळेच. आता घरात बंद खोली एकच, अर्चनाची. लग्नाआधीपासूनची, तिच्या पुस्तकांसकट, ताई गेल्यापासून कुलपात. साडूभाऊंनी कुलूप काढलं. धोतरावर गुडघ्यापर्यंत शाळकरी पांढरे मोजे चढवले, काळी पिसू पांढऱ्यावर चटकन दिसते म्हणून. आणि रोज दुपारी गुळ्याला घेऊन ते त्या खोलीत पाय आपटत फेऱ्या मारायचे, मग अर्धा तास नुसते बसायचे. निघालेली पिसू गुळ्याच्या अंगावर उडी मारणार, चावणार आणि मरणार, असा हिशेब. मी पहिल्यांदा ते ध्यान पाहिलं तेव्हा हसून हसून माझी पुरेवाट झाली.

"साडूभाऊ, कवायत कुठवर आली?" मी विचारलं.

"काहून हसून राहिले तुमी?" ते मोज्यावरची नजर न काढता म्हणाले. "काल चार निघाल्या, आज दोन. लेकरू यायच्या आत समद्या निघाल्या पायजेत. तिच्या पायाची चाहूल पहिली मलाच लागली पायजे, त्यांना न्हाई."

त्यानंतरही मी हसलो, नाही असं नाही. पण जरा बाहेर जाऊन हसलो.

दसऱ्यापासून मोजे कोरे निघायला लागले. साडूभाऊंनी कोऱ्या मोज्यांचा फोटो पुण्याला पाठवला. दुसऱ्या कोणाला त्यात काही कळलं नसतं, पण अर्चनाला कळलं असावं. दिवाळीला ती ओवीला घेऊन आली. मी आणि माझी बायकोही गेलो होतो. चार दिवस ओवी गुळ्याच्या पोटावर डोकं ठेवून लोळली, आणि तिच्या पिंढऱ्यांवर एक साधा ठिपकासुद्धा उठला नाही. साडूभाऊ रोज सकाळी चष्मा लावून नातीचे पाय तपासायचे आणि निवडणूक जिंकल्यासारखे ओट्यावर येऊन बसायचे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे अर्चनाला आणि ओवीला बाळापूरच्या स्टँडवर पोचवायला गेलो. नांदेडची गाडी लागली होती, तिथून पुढे पुणे. ओवीला खिडकीशी बसवून अर्चना परत खाली उतरली. पदराशी चाळा करत म्हणाली,

"अण्णा, खरं सांगू का? पिसवा चावल्या हे खरं. पर त्यांच्यापायी मी यायची थांबले नव्हते. आई नसलेल्या घरात पाय ठेवायला माझा जीव धजत नव्हता."

मी साडूभाऊंकडे बघायचं टाळलं. दोन-अडीच महिन्यांची फरफट, तो हळदीचा काटा, त्या गोळ्या, त्या फेऱ्या, सगळं एका वाक्यात पाण्यात गेलं असं मला वाटलं. पण साडूभाऊंचा आवाज अगदी सरळ होता.

"मला काय ठावं नव्हतं व्हय गं? पर तुज्या आईच्या जाण्यावर माज्यापाशी विलाज न्हवता. पिसवांवर व्हता. म्हून तेवडा केला."

अर्चना त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. ते तिच्या पाठीवर बैलाला थोपटतात तसं थोपटत राहिले. कंडक्टरने दोनदा घंटी मारली तेव्हा ती डोळे पुसत गाडीत चढली. मला त्या वेळी ताई फार आठवल्या. त्या असत्या तर दोघांनाही दटावून म्हणाल्या असत्या, "आता रडायला काय झालं? डबा घेतला का आधी ते सांग." आमच्यापैकी कोणालाच ते म्हणता आलं नाही, आणि गाडी सुटली.