माक लाँग आणि सुटं केलेलं घर

"ही फळी कुठली?" सुहैमीनं विचारलं आणि माक लाँग रुकियाचं डोकं फिरलं.

"फळी! सकाळपासून तुला सगळ्या फळ्याच दिसतायत. सुतारांचा मुकादम ना रे तू? पमेले आहे ती, पमेले! छपराच्या तोंडाशी तिरपी बसते, वारा अडवते. उजवीकडची. ठेव तिकडे."

तेरेंगानूच्या त्या नदीकाठी रुकियाला सगळेच माक लाँग, म्हणजे थोरली मावशी, म्हणत. ज्यांची ती कुणीच लागत नव्हती, तेही. नदी काठ खात खात अंगणाशी आली तेव्हा तिच्या धाकट्या भावानं, बाह्रिननं, घर सुटं करून आतल्या बाजूला, आपल्या जागेवर न्यायचं ठरवलं. घरात एक खिळा नाही, सगळं खाचा आणि खुंट्यांवर उभं. सुहैमीच्या माणसांनी तुकड्या-तुकड्यावर खडूनं आकडे घातले, आणि मग त्याच शहाण्यांनी वाळवी लागू नये म्हणून सगळ्या लाकडाला तेल चोळलं. आकडे गेले फडक्यात. तेव्हा कुठं सगळ्यांना माक लाँगची आठवण झाली.

घर तिच्या बापानं बांधलेलं. हा पाक दोलाह सुतार दुपारी सात वर्षांच्या रुकियाला शेजारी आडवं करायचा आणि वर बोट दाखवायचा, "ते काय?" एक नाव चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पुढं बाह्रिनची पाळी आली, तर तो मासे धरायला पळायचा. मुलीच्या जातीला ही सुतारकी कशाला, म्हणून ती चरफडायची, पण नावं बसली ती बसलीच.

"हे नक्षीचं काय, माक लाँग?"

"नटलेली विधवा."

"आँ?"

"दात काढू नकोस. भिंतीच्या नक्षीचं नाव आहे ते. इथं माझं लग्नच झालं नाही, आणि घरभर विधवा लावून ठेवल्यात!"

थोरलीच्या आधी धाकट्याचं लग्न झालं तर त्यानं तिचा उंबरा ओलांडला म्हणतात, आणि ओलांडणारा तिला भेट देतो. तिघा धाकट्या भावंडांनी ओलांडला. माक लाँगला एक अंगठी, एक नेसायचा सारोंग आणि एक शिवणयंत्र मिळालं. आईबापाचं दुखणंखुपणं काढायचं तेवढं तिच्या एकटीच्या वाट्याला आलं. मागच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी अंथरूण टाकून तिनं ते काढलं, आणि नंतरही ती तिथंच झोपत राहिली.

दुपारपर्यंत ढीग लागले. एक मात्र बाजूलाच पडून होता. सहा आखूड खांब, धुरानं काळ्या पडलेल्या फळ्या.

"आणि ते कोण लावणार? तुझा आजा?"

"ते राहू दे, माक लाँग. नकाशात नाही ते. बाह्रिनसाहेब म्हणाले, सरपणाला काढा."

तिनं नीट पाहिलं. ते तिचं स्वयंपाकघर होतं.

"बाह्रिन! इकडे ये!"

"त्याचं असं आहे, ताई," बाह्रिन लांबूनच म्हणाला, "पुढचं घर पाहुण्यांना भाड्यानं द्यायचंय. मागे न्हाणीघरं होतील. तू राहशील की, तीन महिने माझ्याकडे, तीन महिने बहिणीकडे, नोर्मीकडे..."

"मला कधी सांगणार होतास?"

"घर उभं राहिल्यावर."

राग तिला सकाळपासून येतच होता, पण तो तोंडातल्या तोंडात जिरणारा. आता मात्र तो जिरेना. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणे. इथं वासे बिचारे जागच्या जागी होते, तिनंच एकेक ओळखून दिलेले. फिरला होता तो पाठचा भाऊ.

सुहैमीनं लांब तुळई उचलली. "माक लाँग, ही...?"

"आठवत नाही."

"अहो, आत्तापर्यंत तर..."

"म्हातारी बाई मी, विसरले. आधी स्वयंपाकघर उभं करा. तेवढं तोंडपाठ आहे. बाकीचं नंतर आठवेल. आठवलं तर!"

बाह्रिन या ढिगाकडून त्या ढिगाकडे बघत राहिला. शेकडो तुकडे, आणि त्यातल्या एकाचंही नाव त्याला येत नव्हतं. सुहैमीनं तुळई खाली ठेवली आणि विडी पेटवली. शेवटी बाह्रिननंच बाह्या सारल्या, सरपणातला एक आखूड खांब उचलून आणला आणि खाली मान घालून विचारलं, "ताई, हा कुठला?"

"अरे गाढवा, उलटा धरलायस!" माक लाँग खुर्चीतून उठलीच. "बुंध्याची बाजू खाली! झाड कधी डोक्यावर उभं राहतं का?"