बहिणीच्या वाट्याचं रान

रिटायर झाल्यावर गावाबाहेर थोडी झाडीची जमीन घ्यायची, हे वेड माझं. यांचं नव्हे. हे आयुष्यभर बँकेत होते आणि जमीन म्हणजे कटकट असं त्यांचं मत होतं. आता वाटतं, त्यांचंच बरोबर होतं. उज्जैनहून महिदपूरच्या बाजूला एक तुकडा मिळाला. सागवान, खाखरे म्हणजे आपले पळस, थोडी सीताफळं आणि मला नावं न येणारी पुष्कळ झाडं. रजिस्ट्री माझ्या नावाने झाली, त्यात प्रेमबिम काही नव्हतं. बाईच्या नावाने केली की फी कमी लागते. पण अंगठा लावून, सह्या करून बाहेर आले तेव्हा लक्षात आलं की साठी उलटली तरी माझ्या एकटीच्या नावावर आजवर काही म्हणजे काही नव्हतं. माहेरच्या घरावरचा हक्क भावाला लिहून दिलेला, सासरचं घर यांच्या नावावर. त्या दिवशी मला फार आनंद झाला. उज्जैनला परत येताना देवास गेटला उतरून आम्ही पोहे-जिलबी खाल्ली.

तो आनंद नामांतरणापर्यंत टिकला. रजिस्ट्री झाली तरी सरकारी दप्तरात आपलं नाव चढवावं लागतं, आणि ते चढण्याआधी गावात विचारतात, कोणाची हरकत आहे का. होती. विकणाऱ्याच्या सख्ख्या बहिणीची. वडील गेल्यावर त्याने फक्त स्वतःचं नाव लावून घेतलं होतं. बहीण सासरी, तिला विचारतो कोण.

मग तहसीलच्या चकरा सुरू झाल्या. कधी साहेब दौऱ्यावर, कधी निवडणूक, कधी सिंहस्थाची मीटिंग. फ्रीगंजमधले आमचे वकील दर वेळी "हो जाएगा, मॅडम" म्हणायचे आणि पुढची तारीख सांगायचे. यांनी तेवढ्यात आपल्या पद्धतीने एक उपाय काढला. जमिनीचा मागचा थकलेला लगान सगळा भरून टाकला आणि पुढचाही वेळच्या वेळी भरू लागले. आमच्या नोकरदार घरांत हा समजच आहे की कर भरला, पावती फाइलला लागली, म्हणजे झालो आपण मालक. पावत्यांची ती फाइल यांनी मोठ्या विश्वासाने तहसीलच्या बाबूपुढे ठेवली. तो म्हणाला, "अंकल, लगान तो कोई भी भर सकता है." वर हेही सांगितलं की पुढे तिथे खोली बांधायची तर डायव्हर्शन, म्हणजे जमीन बिगरशेती करून घ्यावी लागेल आणि त्याचा कर वेगळा, जास्तीचा. घरी आल्यावर यांनी फाइल कपाटात ठेवून दिली. इतकं थकायला झालं होतं की भांडायचंही जिवावर आलं.

शेवटी मी एकटीच त्या बहिणीकडे गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला सांगू. वकील म्हणाले होते, तिला पैसे हवेत, किती मागते ते बघा. तिने मला खाटेवर बसवलं, चहा दिला आणि पैशाचं नावच काढलं नाही. मुलीच्या लग्नात भाऊ मामेरा घेऊन आला नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. माळव्यात बहिणीच्या मुलांच्या लग्नात भाऊ वाजतगाजत कपडे घेऊन येतो, चारचौघांत तिच्या अंगावर चुनरी पांघरतो. त्याच भरवशावर कितीतरी बहिणी बापाच्या जमिनीवरचं नाव सोडतात. ही आरतीचं ताट घेऊन दारात उभी राहिली आणि माहेरचं कोणी आलंच नाही. "जमीन का क्या करती मैं, दीदी," ती म्हणाली. "वो चुनरी ले आता तो मैं कब का लिख देती."

पिढ्यानपिढ्या उज्जैनला राहून आमच्या डोक्यात हे आलं नाही. आम्ही वकील केला, पावत्या जमवल्या. तिला जाऊन विचारावं, हे कोणालाच सुचलं नाही.

तिच्या भावाचं मन वळवण्यात आणखी काही महिने गेले. त्याला लाज वाटत होती, आणि ती लपवायला तो चिडत होता. अखेर एका सकाळी आमच्या भाड्याच्या गाडीत मागे बसून तो तिच्या गावी आला, मांडीवर चुनरीची पिशवी. तिने दारातच ओवाळलं. त्याने चुनरी तिच्या डोक्यावरून पांघरली आणि दोघंही रडली, बराच वेळ. माझ्याही डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. मी घड्याळ बघत होते, कारण जेवणाच्या सुट्टीच्या आत तहसीलला पोचायचं होतं.

तिथे तिने हरकत नसल्याचं लिहून दिलं. सही करताना नवी चुनरी सारखी घसरत होती, ती डाव्या हाताने सावरत होती. बाबूने कागद उचलला. "चला, सुटलो एकदाचे," हे म्हणाले, आणि मीही तेच म्हणणार होते. तेवढ्यात ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "दीदी, सीताफल के दिनों में नातिन को लेके आऊँ, तो वहाँ कोई रोकेगा तो नहीं?"

सकाळपर्यंत ते निम्मं रान तिचं होतं. मी म्हटलं, "कोई नहीं रोकेगा." तिने माझे दोन्ही हात धरून मला आशीर्वाद दिले, आणि मला तिच्याकडे बघवेना.