चौथऱ्यावरचं विमान

कुरुंद्याच्या पंचफुलाबाईंनी ते विमान कधी पाहिलं नव्हतं; शिव्या मात्र त्याला पोटभर घातल्या होत्या. नवरा संपतराव बंगळूरच्या एका कारखान्यात फिटर. हवाई दलातल्या नव्या पोरांना उडायला शिकवायचं विमान तिथं तयार होत होतं आणि त्याच्या पहिल्या नमुन्यावर संपतरावांचा जीव जडला होता. इकडं हळदीची लावणी, काढणी, सासऱ्याचं दुखणं, सगळं बाईंनी एकटीनं ओढलं.

लेकीचं, सुकन्याचं लग्न ठरलं आणि नेमकं त्याच आठवड्यात विमान पहिल्यांदा उडायचं ठरलं. संपतरावांचा फोन आला, "हनुमानला म्हणावं, कन्यादान तूच कर. मला इथून हलताच येऊन न्हाई राहिलं."

दिरानं, हनुमाननं, कन्यादान केलं. सासरी निघताना सुकन्या कुणाच्याच गळ्यात पडून रडली नाही.

विमान उडलं. पण आभाळात गिरकी खाल्ली की ते लवकर सावरेना. शेपटी बदलून पाहिली, पंख बदलून पाहिले, वर्षं गेली. शेवटी वरून हुकूम आला, हे विमान बनवायचं नाही. संपतराव निवृत्त होऊन गावी आले ते इंजिनाच्या आवाजानं दोन्ही कान बहिरे करून. सुकन्या सणावाराला यायची, आईशी बोलायची, बापापुढं पाण्याचा तांब्या ठेवायची. बस.

गेल्या हिवाळ्यात संपतरावांनी बायकोला बंगळूरला नेलं. कारखान्याच्या फाटकाशेजारी चौथऱ्यावर विमान उभं होतं. उन्हानं रंग विटलेला, पोटाखाली गांधीलमाश्यांचं पोळं. संपतराव चाकापाशी उकिडवे बसले आणि तळहातानं धूळ पुसू लागले.

इतकी वर्षं साठवलेलं बोलायला बाईंनी तोंड उघडलं, अन् भलतंच बाहेर आलं. "आवो, उडत ऱ्हायला पायजे होतं हे!"

"काय?" संपतरावांनी कान पुढं केला.

"काई न्हाई. चला."

परतल्यावर नवऱ्याला कुरुंद्याच्या एसटीत बसवून त्या एकट्याच सेनगावला लेकीकडं गेल्या. "त्यांच्या हाती काईच लागलं न्हाई, पोरी. एकदा येऊन बोल त्यांच्याशी."

सुकन्या आली. बापासमोर बसली आणि बोलतच सुटली. मांडवात किती वाट पाहिली, सासरी कुणी काय टोमणे मारले, सगळं. मधेच रडली, पुन्हा बोलली. संपतराव तिच्या ओठांकडं टक लावून बघत होते, दर वाक्याला मान डोलवत होते.

ती गप्प झाल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "काय म्हनून राहिली पोरगी? तिच्या घरी समदं बराबर हाय ना?"

पंचफुलाबाईंनी लेकीकडं पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाल्या, "व्हय. बराबर हाय."