भागूबाईने काढलेली ओळ

माझी धाकटी जाऊ म्हणजे भित्री भागूबाई. गॅस बंद केलाय ना, हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरणारी. आम्ही दोघी एकाच हॉस्पिटलात. मी नर्स, ती आकडेवाली. पेशंटच्या रक्तातला किडनीचा आकडा घेऊन औषधाचा डोस ठरवणारा प्रोग्राम तिचा. किडनी बिघडली की आकडा चढतो, मग डोस उतरवायचा. जास्त गेला तर किडनी जातेच, वर कानही जातात.

तिचा प्रोग्राम सावकाश चालायचा, म्हणून खरा हिशोब तो एका जुन्या, तयार लायब्ररीकडे, म्हणजे दुसऱ्या कुणी आधीच लिहून ठेवलेल्या प्रोग्रामकडे पाठवायचा. ही लायब्ररी भलती वेगवान, पण मेली काही विचारत म्हणून नाही! तिला दशांशातले आकडे लागतात. पूर्ण आकडे दिले तरी तक्रार नाही. भलतंच वाचते आणि बेधडक उत्तर देते. म्हणून जावेने मध्ये एक ओळ घातली होती: आकडे कसेही येवोत, दशांशातले करूनच पुढे पाठव.

तिचे नवे साहेब ती बघून हसले. "तीन काय आणि तीन पॉइंट शून्य काय! काढा ती ओळ."

काढली. साहेबांपुढे तोंड उघडेल तर ती भागूबाई कसली? तसं निभावलंही. कुणाचा तरी एक पॉइंट सात असायचाच, आणि एकाचा दशांश असला की सगळे आकडे दशांशात धरले जायचे.

पुढे सासूबाईच अॅडमिट झाल्या, किडनी अधू. एका सकाळी वॉर्डात मोजकेच पेशंट होते आणि सगळ्यांचे आकडे नेमके पूर्ण आले. मी सासूबाईंना सलाईनमधून औषध सुरू केलं, तोच जाऊ अनवाणी धावत आली.

"ताई, बंद करा! आधी बंद करा!"

मी नळी बंद केली. "अगं, झालं काय?"

"सगळ्यांना एकच डोस आलाय, सगळ्यात मोठा. आईंचा तीन लायब्ररीने जवळजवळ शून्य वाचला. म्हणजे ठणठणीत किडनी!"

मी धावले. बाकीच्यांची औषधं थांबवून आले, तर ही सासूबाईंच्या उशाशी उभी. "आई, कानात काही वाजतंय का हो?"

"तुम्ही दोघी ओरडताय, तेच वाजतंय," सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी सासूबाईंचा रिपोर्ट चांगला आला. "सुटलो गं बाई!" म्हणत मी तिच्या टेबलापाशी बसकण मारली. ती मात्र पांढरीफटक.

"ताई, ओळ काढून महिना झाला. असा दिवस आधीही आला असेल तर?"

ती कॉम्प्युटरवर एकेक दिवस मागे जात राहिली. एका दिवशी ती थांबली. दोनच पेशंट, दोघांचे आकडे पूर्ण.

"खिडकीजवळच्या खाटेवर कोण होतं, ताई?"

एक आजोबा होते. घरी जाताना मी त्यांना ओरडून ओरडून गोळ्यांच्या वेळा सांगत होते आणि ते नुसते हसत होते. वयच झालंय आता, असं मीच त्यांच्या सुनेला म्हणाले होते.