मधलं टेबल

बाहेर जेवणं ही कुणाची चैन असते, कुणाचा आळस. आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची ती मोहीम होती. मूळचा नागपूरकडचा, हायडेलबर्गच्या एका संस्थेत संशोधक. आता तो येना शहरात गेलाय, पण तेव्हा आम्ही दोघंही जर्मनीतल्या श्पायर गावात राहत होतो. रविवारी कॅथीड्रलच्या घंटा सुरू झाल्या की हा माझ्या दारात हजर. मी म्हणायचो, "अरे, वरण-भात लावलाय." तो म्हणायचा, "वरण पळून जाते का राजा? चल!"

कॅथीड्रलजवळच्या एका जुन्या खानावळीत आम्ही जायचो. तिथं तो खिडकीपाशी बसत नसे, दाराशी नाही, बाहेर कितीही छान ऊन असो, छत्रीखालीही नाही. बसणार तो मधल्या टेबलावर. एकदा ते रिकामं नव्हतं, तर ते मोकळं होईपर्यंत कोट न काढता उभा राहिला आणि तोवर त्यानं अख्खं मेनूकार्ड मला मोठ्यानं वाचून दाखवलं, सॅलडच्या ड्रेसिंगसकट. खिशात डबी, डबीत हिरव्या मिरच्या. चीजमध्ये लडबडलेल्या नूडल्ससोबत तो त्या कचाकचा खायचा आणि शेजारच्या टेबलालाही आग्रह करायचा. एका आजीबाईंनी एकदाच घेतली. पुढे त्या दुरूनच मान हलवून नकार कळवत. सगळं गाव वाइन पीत असताना हा सफरचंदाचा रस आणि सोडा मागवायचा, तोही साऱ्या खानावळीला ऐकू जाईल असा. मी कुजबुजायचो, "हळू बोल, लोक बघतायत."

"बघू दे ना! काऊन लपायचं?"

एका उन्हाळ्यात त्याचे बाबा आले. त्या रविवारी मधल्या टेबलावर राखीवची पाटी होती. नव्या वेट्रेसनं स्वयंपाकघराजवळचा कोपरा दाखवला. बाबा मुकाट्यानं तिकडं वळले. शेजाऱ्यानं त्यांचा हात धरला आणि जर्मनमध्ये म्हणाला, "दर रविवारी मी इथंच बसतो. मालकांना विचारा." मुलगी गोरीमोरी झाली. मी बुटांकडं पाहू लागलो. मालक बाहेर आला, शेजाऱ्याला पाहून "गेनाऊ!", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाला आणि पाटी उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवून आला.

जेवण झालं, कॉफी झाली. बाबा कप-बशी घेऊन उभे राहिले आणि मला विचारलं, "नळ कुठी हाय?"

मला काही कळेना. शेजारी म्हणाला, "गावच्या हॉटेलात आमच्या लोकांना आत घेत नव्हते. बाहेर उभ्यानं चहा प्यायचा, कप आपला आपण विसळून ठेवायचा. हाताची सवय जात नाही." मग तो बाबांना म्हणाला, "बाबा, बसा. इथं तेच धुतात."

"अरे, पण आपला उष्टा..."

"धुऊ द्या त्याहिले!"

बाबा उभेच. तेवढ्यात ती वेट्रेस आली, त्यांच्या हातून कप अलगद घेतला आणि हसून काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"अजून एक पाहिजे का, विचारते."

बाबा बसले. रुमालाची घडी मांडीवर पसरली. "आण म्हणा," ते म्हणाले. "साखर जास्त."

दुसरी कॉफी त्यांनी फार सावकाश घेतली. ती लवकर संपू नये, एवढंच आम्हा दोघांना वाटत होतं.